किडीचं औषध लावल्यावर मुलीचे पुढचे दात काळेकुट्ट झालेत, काही करता येतं काय?

खानापूरची आई

नमस्कार, खानापूर तालुक्यातनं लिहितेय. माझी मुलगी साडेचार वर्षांची, वरचे पुढचे चार दात किडलेत. आधी हिरडीजवळ पांढरे चट्टे होते, मग पिवळट, मग तपकिरी होऊन खड्डे पडायला लागले तसं बेळगावात एका दवाखान्यात नेलं. मशीनचा आवाज ऐकूनच तिनं एवढा आकांत केला की डॉक्टरच म्हणाले राहू दे, नुसतं औषध लावतो, कीड थांबेल. बारक्या ब्रशनं औषध लावलं, मिनिटभर धरलं, झालं. सुई नाही काही नाही, आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुताना बघते तर किडलेला भाग काळा, आणि नंतर तर डांबर मारल्यागत दिसायला लागलं.

डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले ते तसंच असतं, फॉर्मवर लिहिलं होतं की. फॉर्म कन्नड आणि इंग्लिशमध्ये, रडणारं पोर कडेवर, कोण वाचत बसणार ओ, सही केली. आता सासूबाई म्हणतात पोरीचे दात जाळून आणलेत. बालवाडीत पोरं चिडवतात, आणि ती फोटो काढताना तोंड दाबून धरते. तुळशीच्या लग्नानंतर घरात नणंदेचं लग्न हाय, सगळा गोतावळा जमणार.

हे ब्लीचिंग वगैरे करून जातं काय? आणि खालून येणारे पक्के दात पण काळेच येणार काय? कुणाला माहीत असेल तर सांगा, रात्री झोप नाही लागायली.

गल्लीतला अण्णा

लिंबाचा रस आणि मीठ बोटानं चोळा. नाहीतर खायचा सोडा. आमच्यात कोळशाची पूड लावायचे, दात मोत्यासारखे. ही असली औषधं म्हणजे सगळा पैसे काढायचा धंदा.

दातांच्या कॉलेजातली

अण्णा, कृपा करून असलं काही सांगू नका. लिंबू आम्ल आहे, दातावरचं कवच विरघळवतं, आणि या पोरीचं कवच आधीच गेलंय. कोळसा आणि सोडा घासून ते आणखी खरवडेल. काळा रंग तेवढा तिथंच राहील.

ताई, मी लहान मुलांच्या दातांच्या विभागात पीजी करतेय, तर जरा सविस्तर लिहिते. तुम्ही सांगताय त्यावरून ते औषध एसडीएफ असणार, म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, बहुतेक 38 टक्क्यांचं. त्यातली चांदी किडीचे जंतू मारते आणि फ्लोराइड मऊ झालेला दात परत कडक करतं. ही चांदी किडक्या मऊ भागात मुरून बसते आणि काळी पडते. चांगल्या दाताला ती धरत नाही, म्हणून काळं जिथं दिसतंय तिथं कीड होतीच असं समजा, फक्त आधी ती तपकिरी होती म्हणून डोळ्यात भरत नव्हती. औषधानं दात जाळला वगैरे काही नाही. ओठाला किंवा हिरडीला डाग पडला असेल तर तो थोड्या दिवसात आपोआप जातो, कपड्यावर पडलेला मात्र जात नाही (माझे दोन ॲप्रन त्यातच गेलेत).

सासूबाईंना सांगा की हे काही कालचं निघालेलं औषध नाही. जपानात 1970 च्या दशकापासून वापरतात, अमेरिकेत 2014 ला परवानगी मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. दुधाच्या दातात साधारण 80 टक्क्यांच्या आसपास कीड यानं थांबते, आणि दाढांपेक्षा पुढच्या दातांवर गुण जास्त चांगला येतो. पण एकदा लावून सोडून द्यायचं नसतं. सहा महिन्यांनी परत बघून परत लावावं लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं काय?

आता ब्लीचिंगचं. ते चालत नाही. ब्लीचिंगचं औषध चहा, रक्त असल्या डागांवर काम करतं, ही चांदी आहे, तिच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि साडेचार वर्षांच्या मुलीला ब्लीचिंग कुणी करणार पण नाही. व्हाइटनिंगवाल्या पेस्टनं पण जाणार नाही. पक्के दात हाडात आत तयार होत असतात, त्यांना या औषधाचा रंग लागत नाही. वरचे मधले दोन दात सहा-सात वर्षांच्या आसपास पडतात, बाजूचे दोन सात-आठला. म्हणजे अजून दोन-तीन वर्षं तरी हे दात तिला पाहिजेत, तोवर झाकायचं कसं तेवढं बघायचं.

चिकोडीचा पाटील

माझं मत वेगळं आहे. हे काळं औषध म्हणजे कटकट नको म्हणून डॉक्टर लोकांनी काढलेला शॉर्टकट. आमच्या वेळी दात कोरून सिमेंट भरायचे, पोरगं रडलं तर रडलं, दोघांनी धरून बसवायचं. आता रडतंय म्हणून काळं फासून पाठवतात. आणि आईला न सांगता लावणं हे तर चूकच.

दातांच्या कॉलेजातली

न सांगता लावणं चूकच, ते शंभर टक्के मान्य. आमच्याकडे आधी काळ्या दातांचा फोटो दाखवतो, आई-बाप नको म्हटले तर नाही लावत. पण दोघांनी धरून कोरणं हे मी बघितलंय, ते पोर पुढं दहा वर्षं दवाखान्याची पायरी चढत नाही. सगळे दात एका बैठकीत करायचे तर भूल द्यावी लागते, त्याचा खर्च वेगळा आणि धोका पण वेगळा. मूल मोठं होऊन खुर्चीत शांत बसेपर्यंत कीड थोपवून धरणं हा या औषधाचा मोठा उपयोग आहे. रात्रीचं ठणकत असेल किंवा हिरडीवर पुळी आली असेल तर मात्र हे लावून उपयोग नाही, कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन पोचलेली असते, तिथं दुसरी ट्रीटमेंट लागते.

निपाणीकर

ताई, घाबरू नका, ब्लीचिंग होतं. माझ्या पुढच्या दाताला कॉलेजात असताना क्रिकेटचा बॉल लागलेला, रूट कॅनल केलं, आणि पुढं तो एकटाच दात राखाडी काळपट होत गेला. लग्नाच्या फोटोत बघा, तोंड मिटूनच हसतोय सगळीकडं. शेवटी कोल्हापुरात एका डॉक्टरांनी दाताच्या पाठीमागनं भोक करून आत पांढरी पावडर कालवून ठेवली आणि वरनं बंद केलं, दर आठवड्याला बदलली, तसा तो हळूहळू बाकीच्या दातांच्या रंगाला आला. निपाणीतनं कोल्हापूर काय, एसटीनं तासाभराचं काम. वरनं काही घासलं नाही, कापलं नाही. आता परत किंचित पिवळट वाटतोय पण मला चालतंय.

दातांच्या कॉलेजातली

दादा, तुमची केस वेगळी. मार लागला की दाताच्या आत रक्त उतरतं, ते दाताच्या बारक्या नळ्यांत मुरतं आणि काळपट दिसतं. रूट कॅनल करताना वरच्या कोपऱ्यात नस थोडी राहिली किंवा भरलेल्या सिमेंटमध्ये चांदी, बिस्मथ असलं काही असलं तरी दात असा रंग बदलतो. तुम्हाला घातलेली पावडर सोडियम परबोरेट असणार, पाण्यात कालवून ठेवतात. रक्ताचा डाग त्यानं चांगला निघतो, धातूचा नीट निघत नाही. काही वर्षांनी रंग थोडा परत येतो, तुमचं तेच झालंय.

हे करून घेणाऱ्यांसाठी एक सांगते, कारण कमी खर्चात करतो म्हणून कुणीही करायला बसतं. औषध ठेवायच्या आधी रूट कॅनलच्या तोंडावर साधारण 2 मिलिमीटर सिमेंटचा थर द्यावा लागतो, नाहीतर औषध मुळाकडं झिरपतं आणि पुढं मूळ बाहेरून कुरतडल्यासारखं विरघळायला लागतं. जुन्या पद्धतीत जोरकस हायड्रोजन पेरॉक्साइड घालून गरम करायचे, त्यात हा धोका जास्त, तसलं कुणी सांगितलं तर उठून या. आणि ब्लीचिंग झाल्या झाल्या दाताच्या रंगाचं पक्कं फिलिंग करायचं नाही, आठवडा-दोन आठवडे थांबायचं, नाहीतर ते नीट चिकटत नाही. अधनंमधनं एक्स-रे काढून मूळ बघून घ्या दादा, दुखत नसलं तरी.

निपाणीकर

बरं झालं सांगितलं. एक्स-रे काढलाच नाही कधी परत. बघतो या महिन्यात.

येळ्ळूरची वैनी

आक्का, आमच्या पोराचं सेम झालेलं, म्हणून लिहितेय. आमच्याकडं पण पुढचे चार, आणि आमच्यात तर सासऱ्यांनी मला बोलून बोलून जीव नको केलेला, रात्री बाटली देऊन झोपवतेस म्हणून, आणि ते खरं पण होतं पण बाटली कोण देत होतं ते पण त्यांनाच माहीत, मी शेतात आणि पोर त्यांच्याकडं. असो. काळं केल्यावर आम्ही थोडे दिवस गेले तसं परत जाऊन वरनं सिमेंट लावून घेतलं, ते दातावर चिकटतं, कोरायला लागत नाही, पोरगं मोबाइल बघत बसलेलं. काळं एकदम गेलं नाही, खालनं राखाडी सावली दिसायची, पण लांबनं कळत नव्हतं. पुढं दोन दातांचं सिमेंट कडेनं तुटलं. मग त्या दोन्हीवर दाताच्या आकाराची पारदर्शक टोपी घेऊन त्यात दाताच्या रंगाचा मसाला भरून बसवतात ते केलं, ते लै भारी झालं. लग्नाच्या फोटोसाठी म्हणाल तर तेच करा. फक्त ऊस चावायला देऊ नका, आमच्या पोरानं आजोळी जाऊन चावलाच.

खानापूरची आई

वैनी, वाचून जरा बरं वाटलं ओ. त्याला खर्च किती येतो, आणि पोरगी परत खुर्चीत बसेल काय हा मोठा प्रश्न. डॉक्टर आक्का, सहा महिन्यांनी परत लावायचं म्हणजे परत काळं होणार मग? आणि काळं होत नाही असलं औषध पण असतं असं एका ग्रुपवर वाचलं, आयोडिनचं काहीतरी, ते आता लावून घेतलं तर?

दातांच्या कॉलेजातली

ते पोटॅशियम आयोडाइड. एसडीएफ लावल्या लावल्या त्याच बैठकीत वरनं लावतात, चांदी आणि आयोडिन मिळून पिवळट पांढरं काहीतरी होतं, ते पुसून काढतात आणि काळेपणा कमी येतो. आधीच काळं होऊन बसलेल्या दातावर आता लावून ते पांढरं होणार नाही. नव्यानं लावतात तिथं सुद्धा काळपटपणा पुढं थोडा परत येतो असं बऱ्याच वेळा दिसलंय, म्हणून त्याच्या भरवशावर मी कुणाला शब्द देत नाही. थायरॉइडचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बाईला ते लावत नाहीत.

येळ्ळूरच्या वैनींनी सांगितलं ते बरोबर आहे. पहिलं सिमेंट म्हणजे ग्लास आयोनोमर, त्यातनं फ्लोराइड पण सुटतं, ओलसर तोंडात पण धरतं, पण ठिसूळ. दुसरी म्हणजे स्ट्रिप क्राउन, आत कंपोझिट, म्हणजे तो दाताच्या रंगाचा मसाला, भरून लाइटनं घट्ट करतात. काळं खालनं दिसू नये म्हणून आधी अपारदर्शक थर देतात. त्यासाठी दात थोडा घासावा लागतो आणि तोंड कोरडं ठेवावं लागतं, म्हणजे मुलीनं थोडा वेळ तरी शांत बसायला पाहिजे. झिरकोनियाच्या पांढऱ्या टोप्या सगळ्यात छान दिसतात पण महाग, आणि दात बराच कापावा लागतो, दोन-तीन वर्षांत पडणाऱ्या दाताला मी तरी आग्रह करणार नाही. औषध लावल्यावर लगेच लाइटवालं कंपोझिट करू नये, थोडे दिवस जाऊ द्यावेत, लाइटनं चांदी आणखी काळी होते. तुमचे ते दिवस होऊन गेलेत. आणि एकदा वरनं नीट झाकलं की सहा महिन्यांनी कडा बघायच्या, परत औषध उघड्या किडीलाच लागतं.

दाढा पण किडल्यात काय ते बघून घ्या. चार दात पुढचे गेलेत म्हणजे दाढेत काही नाही असं क्वचित होतं. दाढेला काळं झालं तर कुणाला दिसत नाही, तिथं स्टीलची टोपी बसवतात, न कोरता, न सुई देता नुसती दाबून बसवायची पद्धत पण आहे. बसवल्यावर चावताना थोडे दिवस उंच लागतं, मग बसतं.

खर्चाचं मी इथं आकडा लिहीत नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळा. पण कॉलेजच्या ओपीडीत खाजगीपेक्षा बराच कमी पडतो. बेळगावात नेहरूनगरला केएलईचं डेंटल कॉलेज आहे, मराठा मंडळाचं पण आहे, दोन्हीकडं लहान मुलांचा वेगळा विभाग असतो. विद्यार्थी करतात, वर सर-मॅडम बघतात, त्यामुळं वेळ लागतो, अर्धा दिवस जातोच. आपल्या कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकीट नाही तेवढाच फायदा, दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी खिशाला चाट नाही.

चिकोडीचा पाटील

एक विचारतो, भांडण नाही. काळं झालं म्हणजे कीड मेली हे कळायचं कसं? काळं तर काळंच.

दातांच्या कॉलेजातली

चांगला प्रश्न. थांबलेली कीड काळी, चकचकीत आणि टणक असते, डॉक्टरनं हत्यार फिरवलं की कडक लागतं. काळेपणा जाऊन परत तपकिरी, मऊ, ओलसर व्हायला लागलं तर कीड परत चालू झाली. म्हणून ते खरवडून काढून टाका असा हट्ट धरू नका, त्या काळ्या थरानंच ती थोपवून धरलीय.

आणि हे सगळं करून रात्री परत साखर घातलेलं दूध बाटलीतनं दिलं तर दुसऱ्या जागी नवी कीड लागणार. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातावर तसंच राहतं. चहात बुडवलेलं बिस्किट, कुरकुरे, गोकाकचं करदंट, दाताला चिकटून राहणारं काहीही असो, जेवणाबरोबर एकदाच द्या, दिवसभर थोडं थोडं नको. पेस्टच्या मागं फ्लोराइड किती पीपीएम लिहिलंय बघा, 1000 च्या आसपास पाहिजे, लहान मुलांच्या म्हणून विकतात त्यातल्या काहींत कमी असतं किंवा नसतंच. साडेचार वर्षांच्या मुलीला वाटाण्याएवढी, आणि ब्रश तुम्ही करून द्यायचा, तिच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही.

वडगावचा विणकर

मध्येच विचारतो, माफ करा. माझी दाढ साफ करून भरली, नंतर महिनाभर गुळण्या करायला औषध दिलेलं, आता सगळे दात तपकिरी झालेत. चहा पण भरपूर असतो, मागावर बसलं की चालूच. हे पण चांदीचं काय?

दातांच्या कॉलेजातली

नाही, ते गुळणीचं औषध क्लोरहेक्सिडिनचं असणार, त्यात चहा मिळाला की असा रंग चढतो. हा वरचा डाग आहे, दात साफ करून पॉलिश केलं की जातो. इतके दिवस घ्यायला कुणी सांगितलं? साधारण आठवडा-दोन आठवडेच देतात, डॉक्टरला विचारून बंद करा.

येळ्ळूरची वैनी

आमच्या आज्जीचे दात काळे होते ते मिसरीनं, त्याला कुणी दात जाळले म्हटलं नाही कधी. आक्का, सासूबाई मिसरी लावतात काय बघा आधी 😄

खानापूरची आई

लावतात की ओ वैनी, रोज सकाळी अर्धा तास. पण हे मी बोलले तर घरात लग्न लागायच्या आधी दुसरंच काहीतरी लागेल.

घरच्यांना हे सगळं वाचून दाखवलं. मिस्टर म्हणाले मधले दोन दात झाकून घेऊ, बाजूचे दोन राहू देत, ओठाआड जातात. मला पण पटलं, एवढ्या बारक्या जिवाला चारही दातांसाठी बसवायला नको. सिमेंट की ती पारदर्शक टोपी हे तिथं गेल्यावर डॉक्टर म्हणतील तसं. पोरीला काय सांगून न्यायचं तेवढं सांगा, मागच्या वेळी चॉकलेट देतो म्हणून नेलं होतं.

दातांच्या कॉलेजातली

चॉकलेटचं आमिष नको, आणि "दुखणार नाही" असं पण म्हणू नका, त्यातला "दुखणार" तेवढाच ऐकू येतो त्यांना. दात मोजायला आणि रंगवायला जायचंय म्हणा. पहिल्या फेरीत नुसतं खुर्चीत बसून येऊ द्या, काम दुसऱ्या फेरीत, तसं तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा. लग्नाच्या आदल्या आठवड्यात नका नेऊ, महिनाभर आधी न्या, कुठं कड तुटली तर परत करायला वेळ पाहिजे. सकाळची ओपीडी गाठा, झोप झालेली असते, नाश्ता हलका द्या. आधी लावलेल्या औषधाचा कागद आणि तारीख घेऊन जा. त्या डॉक्टरांकडं मागा, द्यावाच लागतो.

खानापूरची आई

कागद मागते उद्याच. सोमवारी सकाळच्या बसनं निघते.